बाटलीतले बुडबुडे

विश्वाचं गूढ संयमी माणसालाच उकलतं, असं मुकुंदसर सांगत. सहा वर्षं खपून बनवलेल्या त्यांच्या कणशोधक पेटीतून तीस दिवस अखंड वायू वाहिला, की ती अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगात बसणार होती. एकतिसाव्या दिवशी सर निवृत्त. बाहेर पडणारा वायू काचेच्या बाटलीत बुडबुडे काढी. बुडबुडे म्हणजे सगळं ठीक. एकोणतिसाव्या दिवशी बाटली गप्प. बाटलीकडे जाणाऱ्या नळीचा कॉक बंद, कोंडलेल्या वायूनं पेटीचा पातळ पडदा फाटलेला. “कडुबा, कॉक कोणी फिरवला?” सरांनी शिपायाला विचारलं. “म्याच, सर. लई बुडबुड चालली व्हती. आमच्या पुंडलिकनगरात दहा दिवसांनी नळ येतो, आन् दुष्काळात इथं पाणी वाया?” सरांना रागही आला नाही. सकाळी शेजाऱ्याचा वाहता नळ त्यांनीच धावत जाऊन बंद केला होता. “बरं केलंस,” ते म्हणाले. बाटलीत पाणी नव्हतंच. तेल होतं.