सरळ झिजलेला टायर

"बटणांचेच टायर टाका, मामा! कच्च्या रस्त्याचे. बाबा दर रविवारी डोंगरात जातात," केतकीनं ऐटीत सांगून टाकलं. अ‍ॅडव्हेंचर बाईकबद्दल तिनं इतकं वाचलं होतं, की आज बाबांच्या गाडीच्या टायरची निवड तीच करणार होती.

टायरवाल्या शिकलगारमामांनी काढलेल्या जुन्या टायरवरून तळवा फिरवला आणि ते हसले. "डोंगरात? हे बघ पोरी. मधली बटणं झिजून सपाट आणि कडेची कोरी करकरीत! ही गाडी नुसती सरळ हायवेनं पळालीये. साहेब, तुम्हाला पक्क्या रस्त्याचे, रोड टूरिंगचे टायर हवेत."

केतकी बाबांकडे वळली. तिचं हसू विरलं होतं. "मग रविवारी जाता कुठे?"

"साताऱ्याला," बाबा हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाले.

साताऱ्यात ताई राहत होती. तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, त्या दिवसापासून दोन वर्षं बाबांनी घरात तिचं नावसुद्धा घेऊ दिलं नव्हतं.

"भेटता तिला?"

"तिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि मागे फिरतो." त्यांनी पट्टा आवळून पुन्हा सोडला. "एकट्याचं पुढे पाऊलच पडत नाही गं."

केतकीनं रोड टूरिंगच्या टायरवर हात ठेवला.

"मामा, हेच बसवा. आणि हवा दोघांच्या वजनाची भरा. या रविवारी मागे मी बसणार आहे."