अनुसयाचं कार्ड

संस्थेसाठी गावोगाव बाळांची वजनं घेणाऱ्या सेजलला एका कार्डाने भंडावून सोडलं होतं. मोपाला विमानतळाच्या बांधकामावर राबणाऱ्या अनुसयाच्या बाळाचं वजन एका महिन्यात वाढायचं, दुसऱ्या महिन्यात उतरायचं. लशी तेवढ्या सगळ्या वेळेवर. सेजलने काटा बदलून पाहिला, अनुसयाचे नाचणीचे लाडू वाढवले, तरी तिच्या जिवाला चैन पडेना. शेवटी आज ती न सांगताच अनुसयाच्या पत्र्याच्या खोलीवर धडकली.

अनुसया बाळाला पाजत होती. झोळीत तस्संच दुसरं निजलं होतं.

"हे कोणाचं गो?"

"माझंच की. जुळी हाईत," अनुसया ओशाळली. "कार्ड एकच दिलंसा न्हवं अक्का, म्हणून एका महिन्याला ह्याला आणते, एका महिन्याला त्याला."



"आणि लशी?" सेजलने विचारलं.

"सुयाबी दोघांत निम्म्या-निम्म्या वाटल्यात."