नाव घेतलं की

येडशीच्या मंगल कार्यालयात भीतीवरचं शिबिर घ्यायला आलेल्या अश्लेषाला दुपारपर्यंत समोरच्या माणसांची शिसारी आली होती. बुद्धाचं ध्यान आणि मानसोपचार यांचा मेळ घालणाऱ्या तिच्या पद्धतीची पुण्यात केवढी वाहवा! इथं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. डोळे मिटा म्हटलं की अर्धे घोरायलाच लागत.

"भीती आली की पळायचं नाही," तिनं पुन्हा सांगितलं. "शांत बसून मनातल्या मनात तिचं नाव घ्यायचं. भीती, भीती. ती आपोआप विरते."

भाऊ विहिरीत बुडाल्यापासून शेताकडं न फिरकलेले बब्रुवानकाका हात जोडून उठले. "म्या घेतलं नाव, मॅडम. पण ते ओ देतंय."

"काका, अडाणीपणावर माझ्याकडे औषध नाही," ती सगळ्यांदेखत हसली. काका मान खाली घालून बाहेर गेले. त्यांच्यामागं बाकीचेही जेवायला उठले.

हॉल रिकामा झाला. या खुळचटपणाचा एकदाचा निकाल लावावा म्हणून तिनं डोळे मिटले आणि ओठही न हलवता म्हटलं, भीती.

"ओ," पाठीमागून कुणीतरी म्हणालं. अगदी जवळून, अदबीनं.

तिनं नाव घेणं तिथंच थांबवलं. आपण हाकच मारली नाही, तर ओ कोण देईल? बाहेर ताटं वाजत होती, कुणीतरी वरण मागत होतं. स्वतःवरच ती तुच्छतेनं हसणार, एवढ्यात त्याच आवाजात, घरचं माणूस मारतं तशी हाक आली.

"अश्लेषा."

आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं,

"ओ."