प्रश्न आधी, नाव मागून

"सीना नदी शेवटी कुठल्या नदीला मिळते?"

प्रश्न टाकून गिरिजाबाई थांबली. मनात पाचपर्यंत मोजायचं, सगळ्या वर्गावरून नजर फिरवायची आणि मगच कुणाचं तरी नाव घ्यायचं, असं ट्रेनिंग कॉलेजात घोटून घेतलं होतं. आधीच नाव घेतलं की बाकीच्या पोरी निर्धास्त होऊन खिडकीबाहेर बघत बसतात. म्हणून प्रश्न आधी, नाव मागून.

तिसरीच्या वर्गात हातच हात वर झाले. उजव्या कोपऱ्यातला एक तेवढा खालीच राहिला.

"मल्लव्वा, तू सांग बघू."

मल्लव्वा उठली आणि परकर मुठीत धरून नुसती उभी राहिली. गिरिजाबाई दोन पावलं तिच्याकडे सरकली. न बोलणाऱ्या मुलीवर ओरडू नये, जवळ जावं, आवाज उतरवावा, सोपं काहीतरी विचारावं, हेही शिकवलेलंच.

"बरं, आपल्या शहराचं नाव सांग."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मल्लव्वा गप्पच. गिरिजाबाईनं तिला बसवलं आणि दुसरीचं नाव घेतलं.

पाठ संपल्यावर वर्गशिक्षिका सोजरबाईंनी शेऱ्याची वही पुढे केली. "टाचण चोख, फळा नेटका, वर्गावर ताबा उत्तम. पण गिरिजाबाई, तुमची नजर उजव्या कोपऱ्यात अडकते. दोन वर्षं झाली, मी हेच लिहितेय."

"चुकतं खरं माझं," गिरिजाबाई म्हणाली.

दुसरं काय सांगणार? कोपऱ्यातली ती पोर माझ्याच पोटची आहे, हे काही शेऱ्याच्या वहीत लिहून घेता येत नव्हतं.

नवरा पटकीनं गेला तेव्हा मल्ली चार वर्षांची होती. सासरे शंकरप्पा पेठेतले कापडाचे व्यापारी. त्यांनी नात ठेवून घेतली आणि सुनेला टेंभुर्णीला तिच्या भावाकडे धाडून दिलं. आईही त्याच साथीत गेली, असं पोरीला सांगून मोकळे झाले. चार वर्षांनी भावानं चार माणसांचं बोलणं खाऊन बहिणीला सोलापुरात ट्रेनिंगला घातलं. सराव शाळेतल्या पहिल्याच पाठाला गिरिजाबाईनं तिसरीची हजेरी घेतली आणि एक नाव दोनदा पुकारलं.

आठवड्याच्या आत शंकरप्पा कॉलेजच्या फाटकाशी हजर.

"शिकीव की, माझी ना न्हाई. पर पोरीला एका शब्दानं कळलं, तर त्याच दिवशी तिची शाळा बंद."

तेव्हापासून गिरिजाबाईनं तोंड शिवून घेतलं होतं. आठवड्यातून दोन पाठ, अर्ध्या अर्ध्या तासाचे. तेवढ्यावर ती जगत होती. मल्लीची वेणी विस्कटलेली दिसली की हात शिवशिवायचे, मग ती खडू घट्ट धरायची. लहानपणीची ती 'अव्वा' ही हाक तिला नको होती, मिठी नको होती. पोरीनं एकदा हात वर करावा आणि आपल्या प्रश्नाला उत्तर द्यावं, एवढंच तिला हवं होतं. फार हवं होतं.

गेल्या वर्षी मल्ली नापास झाली. गिरिजाबाई रडली, आणि खोटं कशाला बोला, सुखावलीही. शिकाऊ बायांचे पाठ तिसरीवरच व्हायचे, म्हणजे लेक अजून वर्षभर दिसणार होती. त्या सुखाची तिला पुढे वर्षभर लाज वाटत राहिली.

यंदा मात्र नुसत्या लाजेवर भागणार नव्हतं. शंकरप्पांनी सोजरबाईंना बजावलं होतं, "औंदा बी नापास झाली, तर नाव काढतो. लगीन लावून मोकळा होतो." आणि गिरिजाबाईला नेमणुकीचा हुकूम आला होता करमाळ्याचा.

मग तिनं काही बाकी ठेवलं नाही. पाढ्यांना चाली लावल्या. नद्यांचे नकाशे ओल्या मातीचे केले. मल्लीला अवघड जाईल असं वाटलं ते ते गोष्टीत घालून सांगितलं. सारा वर्ग तरबेज झाला. उजवा कोपरा हलला नाही.

निकालाच्या दिवशी ती नकाशे परत करायला शाळेत गेली. सोजरबाईंनी न विचारताच सांगितलं.

"तुमची ती कोपऱ्यातली बुडाली हो. शुद्धलेखन कोरं, हिशेब कोरे, तोंडी परीक्षेत अवाक्षर नाही. सगळ्या वर्गात एकटी नापास. आजोबा आलेत नाव काढायला, आत बसलेत हेडबाईंपाशी."

गिरिजाबाई बाहेर आली. व्हरांड्यात मल्ली एकटीच भिंतीला टेकून उभी होती. दोन वर्षांत दोघींच्या मधे कुणीच नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. आपण किती वाईट शिक्षिका आहोत, हेच तिच्या मनात घोळत होतं. पाच मोजायचं तिला सुचलं नाही.

"मल्लव्वा, मी उद्या करमाळ्याला चालले गं. आता परत नाही यायची. एवढं शिकवलं, एक तरी उत्तर द्यायचंस. तुला खरंच काही येत नव्हतं का?"

मल्लीनं आधी हेडबाईंच्या दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "समदं येतंय मला. पर पास झालं की चौथीत बसवत्यात, आन् चौथीला तू येत न्हाईस की, अव्वा."