वर बघा

"हलू नका हं, बाबा," लेक म्हणाली आणि तिनं डॉक्टरांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

रक्तदाबाच्या यंत्राची नळी आखूड, म्हणून डॉक्टर आज पेशंटच्या स्टुलावर बसले होते. दवाखाना उघडल्यापासून या स्टुलावर ते कधी टेकले नव्हते. दुपार कलली होती. पंखा पेंगत फिरत होता आणि पाठीमागच्या खिडकीतून पिवळं ऊन आत येऊन पसरलं होतं. बापलेक सकाळपासून भांडत होते. भांडून भांडून शेवटी डॉक्टरांचं डोकं गरगरायला लागलं होतं.

"नाव मोठं असलं की अर्धा आजार दारातच पळतो," ते डोळे मिटूनच म्हणाले. "माझ्या कॉलेजात तुला जागा मिळतेय आणि तू त्या कालपरवाच्या कॉलेजात जायचं म्हणतेस! संध्याकाळपर्यंत कळवायचंय. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तिथं पहिल्या वर्षापासून पेशंटजवळ बसवतात, बाबा."

"बसायचंच असेल तर हे स्टूल काय वाईट आहे?"

पट्टा फुगला. दंडाला रग लागली, तसे डॉक्टरांनी डोळे किलकिले केले. समोर, त्यांच्या रोजच्या खुर्चीमागे, भिंतीवर त्यांची पदवी टांगलेली होती. तिच्यात एक झाड हलत होतं. पानं चमकत होती. एक पक्षी फांदीवर उतरला, मान वाकडी करून बघितलं त्यानं, आणि उडून गेला. आपल्याला झोप लागली असावी, असं डॉक्टरांना वाटलं. ती मोडू नये, असंही वाटलं.

पट्टा सैल झाला. ते उठून भिंतीपाशी गेले. काचेत खिडकीबाहेरच्या झाडाचं प्रतिबिंब पडलं होतं. काचेमागच्या कागदावरची अक्षरं उन्हानं पार उडाली होती. कॉलेजचं नाव नाही, त्यांचं नाव नाही, शिक्क्याच्या जागी चहा सांडल्यासारखा एक डाग.

"हे कधीपासून?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

"अगं, पण सुई टोचताना मी प्रत्येकाला सांगतो, वर बघा म्हणून. सगळे बघतात. धीर येतो त्यांना!"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चौकट उतरवून टेबलावर पालथी ठेवली. "नवी प्रत मागवतो," ते पुटपुटले.

तेवढ्यात नेहमीच्या आजी सुई घ्यायला आल्या. स्टुलावर टेकल्या, बाही सारली, सवयीनं वर बघितलं आणि हात आखडून घेतला.

"अहो डॉक्टर, झाड कुठं गेलं?"

डॉक्टरांनी भरलेली सुई खाली ठेवली. चौकट उचलून काच कोटाच्या बाहीनं पुसली आणि पाठमोरे होऊन खिळा चाचपायला लागले.

"तुझ्या त्या कॉलेजला कळवून टाक," भिंतीकडे तोंड करूनच ते लेकीला म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "आजी, दिसतंय का आता?"

"थोडं डावीकडे घ्या," आजी म्हणाल्या.