अपडेट नको

आम्ही दोघं मित्र जुने फोन त्यांच्या जुन्याच सिस्टीमवर चालवतो. सिम नाही, वायफाय नाही, कंपनी तर कधीच बुडाली. तरी सोमवारपासून दोन्ही फोनवर येतंय: नवी आवृत्ती तयार आहे. हो / नको.

मी रोज दाबतो: नको.

नको.

"पाठवतंय कोण, गाढवा? बघू तरी," म्हणत मित्रानं काल त्याच्या फोनवर 'हो' दाबलं.

आज आला तो मला "अहो" म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुम्हीही हो म्हणा. फार हलकं वाटतं."

"गाढव म्हण मला. एकदाच म्हण."

तो नुसता हसला आणि माझा अंगठा धरून स्क्रीनकडे नेऊ लागला.

मी मूठ आवळली. नको.

तो हसतच माझं एकेक बोट उघडतोय.