कोरं बोट

आमच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत कापड रंगवून सगळ्यांची बोटं बारा महिने निळी. मागच्या वेळी मतदान केंद्रावरच्या साहेबाने माझ्या सासूबाईंचं बोट पाहिलं आणि "शाई लागलीय, तुमचं मत देऊन झालंय," म्हणत त्यांना दारातूनच परत पाठवलं.

घरोघरी फिरून मतदार यादीत आमची नावं नोंदवणाऱ्या ताईंनी तेव्हा रीतसर तक्रार केली. पण साहेबांच्या भरवशावर त्या या वेळी राहिल्या नाहीत. महिनाभर आधी त्यांनी प्रत्येकाच्या मतदानाची शाई लावतात त्या बोटावर रबरी फुगा चढवला. "हे बोट आता रंगात बुडवायचं नाही," म्हणाल्या. मग रोज संध्याकाळी साबण आणि खरखरीत दगड घेऊन त्या आमच्या पायरीवर बसायच्या आणि एकेकाचं बोट घासायच्या.

"नाव नोंदवायला आलीस आणि आंघोळ घालायला बसलीस!" सासूबाई म्हणायच्या.

"मावशी, बोट हलवू नका."

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंचं बोट अगदी तान्ह्या बाळासारखं निघालं. त्या कौतुकाने ते उलटसुलट करून बघत होत्या. तेवढ्यात त्यांची नजर ताईंच्या हातांकडे गेली. आमचा रंग काढता काढता त्यांची बोटं निळीशार झाली होती.

सासूबाईंनी त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर ओढला, दगड उचलला आणि दटावलं,

"आता तू बोट हलवायचं नाही. उद्या आमच्या गल्लीतलं कुणीही दारातून परत यायचं नाही."